सायकल, घाट आणि तीर्थयात्रा : श्रमाच्या पुण्याचा प्रश्न

तीर्थाला कसे जावे, हा प्रश्न भारतीय धर्मविचारात तीर्थाला का जावे या प्रश्नाइतकाच जुना आहे. पायी जाणाऱ्याला किती फळ, बैलगाडीतून जाणाऱ्याला किती, माणसांच्या खांद्यावरून जाणाऱ्याला किती, याचा हिशेब मध्ययुगीन धर्मनिबंधांत तपशिलाने मांडलेला आहे. एकोणिसाव्या शतकात सायकल आली आणि या हिशेबात सरळ न बसणारे साधन माणसाच्या हाती पडले. तिला चाके आहेत, म्हणून ती वाहन. पण तिला बैल नाही, घोडा नाही, भोई नाही, इंजिन नाही. बसणारा आणि ओढणारा एकच. अशा साधनाने डोंगरातल्या देवाला जाणे ही यात्रा होते का, आणि होत असेल तर कशामुळे, हे ठरवताना श्रम, पुण्य आणि प्रवास यांच्या नात्याविषयीच्या अनेक जुन्या भूमिका तपासाव्या लागतात. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतले रस्ते या तपासणीला सोयीचे आहेत. वैदिक यज्ञ, बौद्ध भिक्षुसंघ, शैव व गाणपत्य तीर्थे आणि वारकरी संप्रदाय या सगळ्यांच्या खुणा येथे एकमेकांपासून सायकलच्या एकेका दिवसाच्या टप्प्यावर आहेत.

प्रदेश आणि रस्ते

महाळुंगे पडवळ हे आंबेगाव तालुक्यातले गाव मंचर, घोडेगाव आणि नारायणगाव या तीन बाजारगावांच्या मधल्या पट्ट्यात येते. हुतात्मा बाबू गेनू यांचे हे जन्मगाव. गावाच्या पश्चिमेला सह्याद्रीची मुख्य रांग आहे. त्या रांगेतून कुकडी, मीना आणि घोड या नद्या जवळजवळ समांतर पूर्वेकडे वाहतात. कुकडी आणि मीना पुढे घोडला मिळतात आणि घोड भीमेला. या रचनेमुळे येथील रस्त्यांचे तीन प्रकार पडतात. नदीकाठाने जाणारे रस्ते बेताच्या चढाचे असतात. एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात जाणाऱ्या रस्त्यांना मधली डोंगरसोंड खिंडीतून ओलांडावी लागते. तिसऱ्या प्रकारचे रस्ते पश्चिमेकडे चढत कोकणकड्यापाशी जातात, आणि त्यांतले बरेचसे तेथेच संपतात.

पहिला महत्त्वाचा मार्ग मंचर, घोडेगाव, डिंभे आणि तळेघरवरून भीमाशंकरला जातो. त्याची लांबी साठेक किलोमीटर आहे. घोडेगावपर्यंत दोन्ही बाजूंना ऊस आणि भाजीपाल्याची बागायती शेते लागतात. डिंभे धरणाच्या पुढे पोखरीचा घाट सुरू होतो आणि भातखाचरे, हिरड्याची झाडे व महादेव कोळी समाजाच्या वाड्या दिसू लागतात. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक असलेले भीमाशंकर समुद्रसपाटीपासून सुमारे हजार मीटर उंचीवर आहे. भोवतालच्या जंगलाला १९८५ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. शेकरू हा राज्यप्राणी तेथे आढळतो. भीमाशंकरला राजगुरुनगरहून वाड्यामार्गेही एक रस्ता येतो.

दुसरा मार्ग नारायणगावहून जुन्नरला आणि तेथून लेण्याद्रीला जातो. परतताना ओझर गाठले, तर अष्टविनायकांतली दोन स्थाने, गिरिजात्मज आणि विघ्नेश्वर, एकाच फेरीत होतात. जुन्नर शहरावर शिवनेरीचा डोंगर उभा आहे. तिसरा मार्ग जुन्नरहून आपटाळे व घाटघरमार्गे नाणेघाटाच्या माथ्यावर जातो. चौथा ओतूरहून माळशेज घाटाकडे जाणारा कल्याण-नगर महामार्ग. त्यावर अवजड वाहतूक असते, पावसात धुके व दरडींचा धोका असतो, त्यामुळे सायकलस्वारांना तो सर्वांत कमी मानवतो. याच महामार्गाच्या परिसरात ओतूरला तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी दाखवतात, आणि आळे येथे ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले अशी कथा आहे, त्या रेड्याची समाधी आहे. पाचवा मार्ग डिंभ्याच्या जलाशयाच्या पलीकडून कड्यावरच्या आहुपे गावाला जातो; आहुप्याची देवराई प्रसिद्ध आहे.

शास्त्रातला हिशेब

महाभारताच्या वनपर्वातील तीर्थयात्रापर्व या विषयाचा पाया घालते. त्यातला युक्तिवाद असा : यज्ञाला पुष्कळ साहित्य, धन आणि माणसे लागतात, म्हणून तो राजांना व श्रीमंतांनाच करता येतो, तीर्थयात्रा दरिद्री माणसालाही करता येते आणि तिचे फळ यज्ञापेक्षा उणे नाही. पुढे एक अट येते. ज्याचे हात, पाय आणि मन ताब्यात आहे, जो जे मिळेल त्यात समाधानी आहे, ज्याला अहंकार नाही, त्यालाच तीर्थाचे फळ मिळते.

या युक्तिवादातली पहिली बाजू नाणेघाटात दगडावर कोरलेली आहे. घाटमाथ्याच्या लेण्यातील सातवाहन राणी नागनिकेचा लेख साधारणपणे इसवी सनपूर्व पहिल्या शतकातला मानतात. त्यात अश्वमेधासह अनेक वैदिक यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या दक्षिणेची यादी आहे : गाई, घोडे, हत्ती, रथ, गावे आणि हजारोंनी मोजलेली कार्षापण नाणी. कोकणातल्या बंदरांचा माल ज्या घाटाने वर येई, त्याच घाटात राजघराण्याने आपल्या पुण्याचा जमाखर्च लिहून ठेवला. वनपर्वाने तीर्थयात्रेला यज्ञाच्या बरोबरीने बसवले, ते या प्रकारच्या खर्चिक पुण्याला पर्याय म्हणून.

वाहनाचा निषेध याच भूमिकेतून समजून घ्यावा लागतो. प्रयागमाहात्म्य सांगताना मत्स्यपुराण म्हणते, की ऐश्वर्याच्या, लोभाच्या किंवा मोहाच्या आहारी जाऊन जो वाहनाने तीर्थाला जातो, त्याची यात्रा निष्फळ होते. बाराव्या शतकातील लक्ष्मीधराचा ‘कृत्यकल्पतरु’, सोळाव्या शतकातील नारायणभट्टांचा ‘त्रिस्थलीसेतु’ आणि सतराव्या शतकातील मित्रमिश्रांचा ‘वीरमित्रोदय’ या निबंधग्रंथांनी तीर्थविषयक वचने गोळा करून त्यांचा अर्थ लावला. नारायणभट्टांचे घराणे मूळचे पैठणचे, काशीला जाऊन स्थायिक झालेले. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ या ग्रंथाच्या १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या चौथ्या खंडात या साऱ्या सामग्रीचा परामर्श घेतला आहे.

निबंधकारांनी उद्धृत केलेल्या वचनांचा आशय असा : बैलांच्या वाहनाने गेल्यास गोवधाचे पाप, घोड्यावरून गेल्यास यात्रा निष्फळ, माणसांनी वाहिलेल्या वाहनातून गेल्यास अर्धे फळ, पायी गेल्यास चौपट. दुसऱ्या एका वचनात वाहन अर्धे फळ नष्ट करते, छत्री व पादत्राणे त्याच्याही निम्मे. वाटेत व्यापार केला तर तीन चतुर्थांश फळ जाते आणि दान स्वीकारले तर सगळेच. नावेला मात्र या नियमातून वगळले आहे.

हे आकडे शब्दशः घेण्याची गरज नाही. त्यांच्या क्रमाकडे पाहिले की नियमामागची कारणे उलगडतात. बैल सर्वांत वाईट, कारण मुक्या जनावराला चाबकाखाली राबवून पुण्य मिळवण्यात उघड विसंगती आहे. हे हिंसेचे कारण. घोडा आणि पालखी ही श्रीमंतीची लक्षणे. त्यांना अडवले नाही, तर यज्ञात जो भेद होता तोच तीर्थात परत शिरतो. हे ऐश्वर्याचे कारण. छत्री आणि पादत्राणे कोणालाच त्रास देत नाहीत, तरी त्यांनी फळ घटते, कारण ती ऊन आणि खडे यांच्यापासून यात्रेकरूला वाचवतात. हे तपाचे कारण. व्यापार आणि दानस्वीकार यांच्या निषेधात चौथे कारण आहे : यात्रेतून ऐहिक लाभ काढला की तिचा हेतूच बदलतो. नावेचा अपवादही या कारणांशी जुळतो. नदी पायी ओलांडता येत नाही आणि होडीत गरीब-श्रीमंत एकत्रच बसतात.

सायकलची परीक्षा

या चार कसोट्यांवर सायकल घासून पाहिली, तर निकाल एकसारखा लागत नाही. हिंसेच्या कसोटीवर ती निर्दोष ठरते. तिच्या चाकांना गती देणारे स्नायू तिच्यावर बसलेल्याचेच असतात. इव्हान इलिच या विचारवंताने १९७४ च्या ‘एनर्जी अँड इक्विटी’ या पुस्तकात सायकलची बाजू मांडली ती याच अंगाने. सायकलस्वार आपली गती वाढवतो, पण त्यासाठी दुसऱ्याची ऊर्जा, जागा किंवा वेळ हिरावून घेत नाही, असे त्याचे म्हणणे. इलिच काही काळ कॅथलिक धर्मगुरू होता, ही गोष्ट येथे लक्षात घेण्याजोगी आहे.

ऐश्वर्याच्या कसोटीवर सायकल दोन्हीकडे जाऊ शकते. शाळेत जाणाऱ्या मुलांच्या, दुधाच्या किटल्या अडकवून डेअरीवर येणाऱ्या शेतकऱ्याच्या सायकलीला मत्स्यपुराणाचा निषेध लावणे हास्यास्पद होईल. मोटारीच्या टपावर बांधून आणलेली, लाखाच्या पुढच्या किमतीची कार्बनची सायकल ही वेगळी बाब. तिच्यात आणि भीमाशंकरच्या वाटेवर पायी चालणाऱ्या माणसात तेच अंतर पडते, जे घोडेस्वार आणि पायी यात्रेकरू यांच्यात पडत असे. लाभाच्या कसोटीवरही असेच दुहेरी उत्तर मिळते. फेरीचा नकाशा आणि वेळ मोबाइलवर टाकून वाहवा मिळवणे हा पैशाचा व्यवहार नसला, तरी त्याला बदल्यात काही न घेणे म्हणता येत नाही.

तपाची कसोटी सर्वांत गुंतागुंतीची आहे, आणि येथे रस्त्याचा आकार निर्णायक ठरतो. सपाट रस्त्यावर तेवढ्याच ऊर्जेत सायकलस्वार पायी जाणाऱ्याच्या सुमारे तिप्पट अंतर कापतो. मंचर ते घोडेगाव या टप्प्यात सायकल निःसंशय श्रम वाचवणारे यंत्र आहे. घाटात चित्र बदलते. माणूस, सायकल आणि सामान मिळून ८० किलो वजन ४०० मीटर वर न्यायचे, तर गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे ३१४ किलोज्यूल काम करावे लागते. स्नायूंना मिळालेल्या ऊर्जेपैकी साधारण चौथाई भागच या कामी येत असल्याने शरीराला सुमारे ३०० किलोकॅलरी खर्चाव्या लागतात. गिअर हलका केला, तर एका पॅडलाला लागणारा जोर कमी होतो, पण पॅडलांची संख्या वाढते. एकूण कामात सूट मिळत नाही. उलट सायकलचे दहा-बारा किलो वजन पायी जाणाऱ्याला वाहावे लागत नाही, सायकलस्वाराला लागते. चढावर सायकल श्रम वाचवत नाही, ते फक्त वेगळ्या रीतीने वाटून देते.

उतारावर तिसरीच परिस्थिती येते. तेथे श्रम जवळजवळ शून्य होतात. फळ श्रमाच्या प्रमाणात मिळत असेल, तर भीमाशंकरहून डिंभ्याकडे उतरणाऱ्याला काहीच मिळू नये. पण याच टप्प्यावर सर्वांत जास्त लागते ते अवधान. वळणावरची वाळू, समोरून येणारी एसटी, रस्त्यात बसलेली गुरे, मुले, तापलेले ब्रेक यांपैकी एकाकडे दुर्लक्ष झाले तरी अपघात होतो. जैन मुनींच्या आचारात चालण्याविषयीचा नियम, ईर्यासमिती, श्रमावर भर देत नाही. पुढची जमीन पाहत, जीवजंतूंना इजा न होईल असे जावे, एवढेच तो सांगतो. या दृष्टीने उतारही साधनेचा भाग होऊ शकतो. मात्र त्यासाठी पुण्याचे माप श्रमातून काढून अवधानात घालावे लागते.

श्रमणांची भूमिका

श्रम हेच पुण्य, या समजुतीला भारतीय परंपरेत सर्वांत स्पष्ट विरोध बौद्धांनी केला. जुन्नरच्या भोवतालच्या डोंगरांत, मानमोडी, तुळजा, शिवनेरी आणि लेण्याद्रीची गणेश लेणी या गटांत, दोनशेहून अधिक बौद्ध लेणी कोरलेली आहेत. इसवी सनाच्या आधीच्या शतकांत त्यांचा आरंभ झाला आणि तिसऱ्या शतकापर्यंत त्यांत भर पडत गेली. ती नाणेघाटाच्या व्यापारी मार्गावर वसली. त्यांतील दानलेखांत व्यापारी, कारागिरांच्या श्रेणी आणि यवन दात्यांचीही नोंद आहे. क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने लेखात नोंदलेल्या ४६ व्या वर्षी मानमोडीला दिलेल्या दानात पाण्याचे टाके आणि मंडप आहे. वाटेवर पाणी आणि सावली उभी करणे, हे त्याचे पुण्य.

विनयपिटकानुसार भिक्षूंनी वाहनातून प्रवास करू नये असा नियम झाला, पण आजारी भिक्षूला लगेच मुभा दिली गेली. त्याच ग्रंथात सोण नावाच्या भिक्षूची कथा आहे. सुकुमार घरातला हा तरुण चंक्रमण, म्हणजे चालत करायचे ध्यान, करताना इतका अट्टाहास करी, की त्याच्या पायांतून रक्त येऊन जमीन माखली. बुद्धांनी त्याला वीणेच्या तारांचा दाखला दिला : तार फार ताणली किंवा फार सैल सोडली, तर सूर निघत नाही. त्यानंतर एकेरी तळव्याची पादत्राणे वापरण्याची परवानगी मिळाली. धर्मनिबंधांत पादत्राणे फळ कमी करतात. विनयात ती साधनेला मदत करतात. दोन परंपरांतला मूलभूत फरक या एका तपशिलात दिसतो.

वैदिक परंपरेच्या आतूनही हीच दुरुस्ती झालेली आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात शारीरिक तपाची व्याख्या येते. तीत पूजा, शुचिता, सरळपणा, ब्रह्मचर्य आणि अहिंसा आहेत. शरीर दमवणे नाही. पुढे तपाचे तीन प्रकार सांगताना मानसन्मानासाठी व दंभाने केलेले तप राजस, आणि हट्टाने स्वतःला पीडा देऊन केलेले तप तामस ठरवले आहे. घाट सर्वांत कमी वेळात चढल्याची प्रौढी राजसात मोडेल. गुडघ्याचे दुखणे अंगावर काढून, तहान-भूक मारून केलेली फेरी तामसात. दोन्हींत घाम सात्त्विकाइतकाच येतो, म्हणून घामावरून त्यांचा भेद करता येत नाही.

संतांची भूमिका आणि सायकलवारी

वारकरी परंपरेने तीर्थयात्रेविषयी दोन गोष्टी एकाच वेळी सांगितल्या. मन शुद्ध नसेल तर तीर्थाचे स्नान व्यर्थ, असे तुकोबांसह बहुतेक संतांनी बजावले. तरीही वारी त्यांनी सोडली नाही. पुण्य साठवण्याचे साधन म्हणून वारीकडे पाहिले, तर यात विरोध दिसतो. वारकऱ्याच्या दृष्टीने ती प्रेमाची आणि नेमाची गोष्ट आहे, तिला फळाचा हिशेब लागू होत नाही. आळंदी ते पंढरपूर हे सुमारे अडीचशे किलोमीटरचे अंतर पालखी जवळपास तीन आठवड्यांत कापते. या संथपणातच दिंडी घडते. एकत्र चालणे, एकत्र जेवणे, टाळांच्या ठेक्यावर एका सुरात गाणे, हे वारीचे शरीर आहे.

अलीकडच्या काळात नाशिक सायकलिस्ट्स फाउंडेशनसारख्या संस्थांनी पंढरपूरपर्यंत सायकलवारी सुरू केली आहे. पालखीला जे कापायला तीन आठवडे लागतात तेवढे अंतर सायकलीवर एक-दोन दिवसांत होते. सायकलवारीत श्रम कमी नसतात, पण दोन गोष्टी बदलतात. घाट चढताना दम लागलेला माणूस अभंग गाऊ शकत नाही, आणि रहदारीच्या रस्त्यावर सायकली एकामागून एक जातात, शेजारी शेजारी नाही. नामस्मरण आणि संगत ही वारीची दोन अंगे त्यामुळे वाटेवर क्षीण होतात व मुक्कामावर भरून काढावी लागतात. वारकरी दृष्टीने सायकलवर आक्षेप घ्यायचा, तर तो सुखसोयीचा नसेल, एकटेपणाचा असेल.

याला तोलणारी एक बाजू ब्रेव्हे या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्यांत दिसते. १९०४ साली स्थापन झालेल्या ऑडॅक्स क्लब पॅरिसियन या फ्रेंच संस्थेच्या नियमांनुसार त्या जगभर होतात, महाराष्ट्रातही होतात. २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास, ३०० साठी २० तास, ४०० साठी २७ तास आणि ६०० साठी ४० तासांची मुदत असते. मुदतीत पोहोचलेल्यांना क्रमांक दिले जात नाहीत. ठरलेल्या ठाण्यांव्यतिरिक्त मागे मदतीची गाडी ठेवता येत नाही. पंक्चर ज्याचे त्यानेच काढायचे. वाटेत सहप्रवाशाला मदत करायला मात्र मनाई नाही. धर्माशी संबंध नसलेल्या या नियमांत धर्मनिबंधांचीच दोन सूत्रे दिसतात : आपला भार आपण वाहावा आणि ऐश्वर्याला वाव ठेवू नये.

निवडलेले श्रम आणि लादलेले श्रम

आतापर्यंतच्या विचारात एक गृहीत दडलेले आहे : श्रम करणारा ते स्वतः निवडतो. या रस्त्यांवर हे गृहीत टिकत नाही. पोखरीच्या घाटात सायकलस्वाराला जो चढ सुटीच्या दिवशी भेटतो, तोच चढ डोक्यावर सरपणाची मोळी घेतलेली बाई रोज चढते. तिच्या श्रमाला कोणी यात्रा म्हणत नाही आणि कोणताही निबंध त्याला फळ देत नाही. श्रमातच पुण्य असते, तर या वाड्यांतली सगळी माणसे भीमाशंकरच्या सर्व यात्रेकरूंपेक्षा पुण्यवान ठरली असती. ती ठरत नाहीत, याचा अर्थ परंपरेला श्रमाचे मोल मुळात अभिप्रेत नव्हते; अभिप्रेत होता तो श्रम स्वेच्छेने पत्करण्यातला त्याग. आणि त्याग तोच करू शकतो, ज्याच्याजवळ सोडण्यासारखी सोय असते. म्हणून सायकलयात्रेचे नैतिक वजन सायकलस्वाराच्या सुस्थितीवर उभे असते, ही गोष्ट मान्य करावी लागते.

रस्ताही कोणाच्या तरी किमतीवर उभा असतो. डिंभे धरण घोड नदीवर, कुकडी प्रकल्पाचा भाग म्हणून बांधले गेले. त्याच्या जलाशयात अनेक गावांच्या जमिनी गेल्या. ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळाले ते जुने आंबेगावही बुडाले. खालच्या खोऱ्यातली हिरवाई या पाण्यावर आहे. त्याच परिसरातील माळीण गावावर ३० जुलै २०१४ रोजी पहाटेनंतर डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. बाहेरून येणाऱ्याला पावसातले डोंगर हे दृश्य असते, त्यांच्या कुशीत राहणाऱ्यांना ते घर असते आणि कधी धोकाही. आपला भार दुसऱ्यावर पडू देत नाही, हा सायकलस्वाराचा दावा त्यामुळे मर्यादित अर्थानेच खरा आहे. प्राण्यावर आणि भोयावर भार पडत नाही. डांबरी रस्ता, पूल, चहाच्या टपरीवरचे पाणी आणि जंगलाची शांतता यांच्यावर भार पडतोच.

वैदिक परंपरेत यासाठी ऋणाची कल्पना आहे. माणूस जन्मतःच देव, ऋषी आणि पितर यांचा ऋणी असतो. शतपथ ब्राह्मणाने त्यांत मनुष्यऋणाची भर घातली आणि ते अतिथिसत्काराने फेडायचे असे सांगितले. ऋण टाळता येत नाही, ओळखून वागता येते. आहुप्याच्या देवराईसारख्या राखीव रानांत हीच वृत्ती गावाच्या रूढीतून व्यक्त होते : रान देवाचे, म्हणून त्यातले लाकूड तोडायचे नाही. बाहेरच्या माणसाकडून अपेक्षित आचारही यापेक्षा फार वेगळा नाही. कचरा परत नेणे, वाडीतून हळू जाणे, गावातच जेवून त्याचे पैसे देणे, अभयारण्यात आवाज न करणे, या गोष्टी शिष्टाचाराच्या वाटतात. ऋणविचारात त्या यात्रेच्या मुख्य अंगात येतात.

शरीर पणाला लावण्याचे सायकलयात्रेहून टोकाचे उदाहरण महाळुंगे पडवळच्याच नावाशी जोडलेले आहे. बाबू गेनू सैद यांचा जन्म येथे १९०८ मध्ये एका गरीब शेतकरी कुटुंबात झाला. मुंबईत ते गिरणीकामगार होते. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवी भागात विदेशी कापडाने भरलेला ट्रक अडवण्यासाठी ते त्याच्यापुढे आडवे झाले आणि चाकाखाली चिरडले गेले. त्यांच्याजवळ सोडण्यासारखी सोय नव्हती, तरीही त्यांची कृती त्यागाच्या सर्वोच्च अर्थाने त्याग होती. सोय असलेलाच त्याग करू शकतो, या वर काढलेल्या निष्कर्षाला हे उदाहरण एक मर्यादा घालते. सोय सोडणे हा सुस्थितीतल्या माणसाचा त्याग. स्वतःसाठी कोणतेही फळ न मागता दुसऱ्यांसाठी देह देणे हा कोणाच्याही आवाक्यातला, आणि तरीही फार थोड्यांनी केलेला त्याग. पुण्याचा हिशेब ठेवणारी यात्रा पहिल्या प्रकारात येते.

निर्णय

या सर्व भूमिका एकत्र ठेवल्या, तर वाहननिषेधाचा गाभा श्रमाच्या मोजमापात सापडत नाही. आपल्या यात्रेचा भार दुसऱ्या जिवावर टाकू नये, आणि तीर्थाच्या दारात आपली श्रीमंती नेऊ नये, या दोन गोष्टींत तो सापडतो. तप हे त्यांचे साहाय्यक कारण आहे. ते एकटे पुरेसे नाही, हे बौद्धांनी आणि गीतेने दाखवले, आणि ते अपरिहार्यही नाही, हे संतांनी.

या कसोटीने प्रत्यक्षातली बरीच प्रकरणे सुटतात. स्वतःच्या बळावर, मागे गाडी न ठेवता भीमाशंकरला जाणारा सायकलस्वार निषिद्ध वाहनाने गेला असे म्हणता येत नाही. निबंधकारांच्या वर्गवारीत तो पायी यात्रेकरूच्या जवळ बसतो. सामान, पाणी आणि छायाचित्रकार घेऊन मोटार ज्याच्या मागे चालते, त्याचे पाय कितीही दुखले तरी त्याने वाहन वापरलेलेच आहे. बॅटरीवर चालणारी सायकल हिंसेच्या कसोटीवर फारशी अडत नाही; तपाच्या कसोटीवर अडते, पण तपाचे स्थान दुय्यम असल्याने गुडघे थकलेल्या माणसाला तिचा दोष लागू नये. एसटीने येणारी म्हातारी ऐश्वर्याच्या मदाने येत नाही. सर्वांबरोबर एका बाकावर बसून ती येते, आणि नावेचा अपवाद तिला पूर्णपणे लागू पडतो.

लेण्याद्रीच्या पायथ्याशी हा प्रश्न अखेरच्या स्वरूपात उभा राहतो. तेथून वर तीनशेच्या वर पायऱ्या आहेत आणि सायकल खालीच लावावी लागते. बौद्ध विहाराच्या दालनात बसलेल्या गणपतीपर्यंत पायीच जायचे, किंवा डोलीतून. डोली हे निबंधकारांचे मनुष्यवाहित वाहन, अर्ध्या फळाचे. पण ज्याला पायऱ्या चढवतच नाहीत, त्याला विनयपिटकाने आजाऱ्याला दिलेली मुभा लागू होते, आणि डोली उचलणाऱ्यांचे त्या दिवसाचे उत्पन्न त्यावर अवलंबून असते. धडधाकट माणसाने हौसेखातर डोलीत बसणे आणि अशक्ताने दर्शनासाठी बसणे, यांत साधन एकच असले तरी कृती दोन आहेत. सायकलबाबतही निर्णय असाच, साधन पाहून न देता ते वापरणाऱ्याची स्थिती, हेतू आणि त्याने इतरांवर टाकलेला भार पाहून द्यावा लागतो.